कोटाच्या खिशातली चिठ्ठी

मागच्या सेमिस्टरला आम्हाला अमेरिकन साहित्याचा पेपर होता. सरांनी वर्गात प्रत्येकाला एकेक वर्ष वाटून दिलं. त्या वर्षी कोणती पुस्तकं आली, देशात काय चाललं होतं, हे शोधून दहा मिनिटं बोलायचं. माझ्या वाट्याला १९२३ आलं. जीन टूमरचं ‘केन’ हे पुस्तक त्याच वर्षीचं, त्यामुळे माझी दहा मिनिटं सहज भरली असती. पण त्या वर्षातल्या घडामोडी चाळताना मी एका चिठ्ठीपाशी अडखळले. ती कुणा लेखकाची नव्हती. एका खेळाडूने सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर ती लिहिली होती आणि कोटाच्या खिशात ठेवून दिली होती. त्याचं वय तेव्हा एकवीस, म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच. तीन दिवसांनी तो या जगात नव्हता.

त्याचं नाव जॅक ट्राइस. अमेरिकेत त्याच्या नावाचं एक मोठं स्टेडियम आहे आणि तिकडच्या फुटबॉलवेड्यांना त्याची गोष्ट पाठ आहे. आपल्या मंडळात मात्र ती कुणी सांगितली असेल असं वाटत नाही, म्हणून या अंकासाठी मी त्याच्यावर लिहितेय.

जॅकचा जन्म १२ मे १९०२ चा, ओहायओ राज्यातल्या हायरम नावाच्या छोट्या गावातला. वडील ग्रीन ट्राइस आधी अमेरिकन लष्कराच्या कृष्णवर्णीय घोडदळात होते. पुढे ते शेती करू लागले. जॅक सात वर्षांचा असताना ते वारले. घरात उरले आई ॲना आणि तिचा हा एकुलता मुलगा. गावात गोऱ्यांचीच वस्ती, कृष्णवर्णीय कुटुंबं अगदी मोजकी. जॅक तिथल्या मुलांमध्ये खेळत वाढला.

आईला मात्र वेगळीच काळजी होती. गावात पोराला सगळे ओळखतात, पण गावाबाहेर पाऊल टाकल्यावर जग त्याच्या रंगाकडे बघणार, आणि त्याची या मुलाला सवयच नाही. शेवटी तिने त्याला क्लीव्हलंडला एका काकांकडे ठेवलं. आपल्या माणसांत राहू दे, पुढे काय सोसावं लागणार आहे ते त्याला वेळेवर कळू दे, हा तिचा विचार. तो १९१८ च्या सुमाराचा काळ. एकटी बाई, पदरात एकच मूल, आणि त्याच्याच भल्यासाठी तिने त्याला स्वतःपासून दूर केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

क्लीव्हलंडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये जॅक फुटबॉल खेळायला लागला. हा आपला फुटबॉल नाही बरं का. तिकडचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन अडवायचं. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. आता खेळाडू डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कवचात असतात. त्या काळी चामड्याचं टोपरं असायचं, तोंडापुढे जाळीसुद्धा नसे. जॅक ‘टॅकल’च्या जागी खेळायचा. पुढच्या फळीतली ही जागा. चेंडू घेऊन पळून टाळ्या मिळवायचं काम दुसऱ्यांचं, टॅकलने फक्त अंगाची भिंत करून उभं राहायचं. धक्के सगळ्यात जास्त त्यालाच बसतात.

शाळेचे प्रशिक्षक सॅम विलामन १९२२ साली आयोवा स्टेट कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक झाले. शाळेच्या संघातली काही मुलं त्यांच्यापाठोपाठ तिकडे गेली, त्यात जॅकही होता. आयोवा राज्यातलं एम्स हे गाव. तिथलं हे कॉलेज शेतकी आणि यंत्रविद्येचं, आजची आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी. खेळाडूंपैकी जॅक तिथला पहिला कृष्णवर्णीय.

विद्यार्थी म्हणून तो पहिला नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. गुलामीत जन्मलेला तो शास्त्रज्ञ १८९१ मध्ये याच कॉलेजात शिकायला आला, पुढे तिथेच शिकवू लागला आणि १८९६ मध्ये दक्षिणेत, अलाबामातल्या टस्कीगीला निघून गेला. तिथल्या गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना शेती शिकवण्यात त्याने आयुष्य घालवलं. जॅकच्या मनातही तसंच काहीसं होतं. त्याने विषय घेतला पशुसंवर्धन. शिकून दक्षिणेत जायचं आणि आपल्या शेतकऱ्यांच्या उपयोगी पडायचं, असा त्याचा बेत होता. फुटबॉल हा त्या बेताचा रस्ता होता, मुक्काम नव्हे. त्याच्यावर लिहिताना बरेच जण ही गोष्ट एका वाक्यात उरकतात. मला ती फार महत्त्वाची वाटते.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मुख्य संघात खेळायला परवानगी नसे, म्हणून १९२२ चं वर्ष पहिल्या वर्षाच्या मुलांच्या संघात आणि मैदानी खेळांत गेलं. काम करून तो खर्च भागवायचा. १९२३ च्या उन्हाळ्यात त्याने कोरा मे स्टारलँडशी लग्न केलं, आणि दोघांचा संसार एम्समध्ये सुरू झाला.

त्या दिवसांत कृष्णवर्णीय मुलाने मोठ्या कॉलेजच्या संघात खेळणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. दक्षिणेकडच्या कित्येक विद्यापीठांची भूमिका अशी की समोरच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर आम्ही मैदानात उतरणार नाही. आणि यजमान कॉलेजं वाद नको म्हणून आपल्याच खेळाडूला मुकाट्याने बाहेर बसवायची. असं बाहेर बसलेल्यांची नावं कोणत्याही धावफलकावर सापडत नाहीत.

६ ऑक्टोबर १९२३ ला मिनिआपोलिसमध्ये मिनेसोटा विद्यापीठाशी सामना होता. जॅकच्या दृष्टीने हा पहिला खरा मोठा सामना. आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत त्याने कागद घेतला आणि मनातलं लिहून काढलं. पत्राच्या वरती कुणाचं नाव नाही. ज्या कुणाला वाचावंसं वाटेल त्याच्यासाठी, अशा अर्थाची सुरुवात आहे. पुढे त्याने लिहिलंय ते थोडक्यात असं: आपल्या लोकांची, घराण्याची आणि स्वतःची अब्रू उद्या पणाला लागली आहे. सगळ्यांना आपल्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि ती आपण पुरी करणार. अंगाची आणि जिवाची पर्वा न करता स्वतःला मैदानात झोकून द्यायचं, आपल्या वाट्यापेक्षा जास्त करायचं. त्यानंतर एकदम सूर बदलतो आणि खेळाच्या सूचना येतात. कोणत्या डावात खाली वाकून राहायचं, पाठीमागून येणाऱ्यांवर कशी नजर ठेवायची, वगैरे. एखादा परीक्षेच्या आदल्या रात्री प्रार्थना करतो आणि त्याच कागदाच्या खाली सूत्रं उतरवून घेतो ना, तसं काहीसं.

चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाल्यावर थोड्याच वेळात जॅकच्या गळ्याजवळच्या हाडाला इजा झाली. सोबत्यांनी विचारलं तेव्हा त्याने ठीक आहे म्हणून सांगितलं आणि तो खेळत राहिला. तिसऱ्या सत्रात मिनेसोटाचा जथा चेंडू घेऊन त्याच्याच बाजूने धावत आला. त्यांना अडवायला त्याने स्वतःला त्यांच्या पुढ्यात आडवं टाकलं. या डावात पोटावर, हातागुडघ्यांवर राहायचं असतं. तो उलटला आणि पाठीवर पडला. धावणाऱ्यांचे पाय त्याच्या अंगावरून गेले. त्याला बाहेर नेलं तेव्हा प्रेक्षकांत त्याच्याबद्दल हळहळ होती. सामना मिनेसोटाने २०-१७ असा जिंकला.

डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि प्रवासाला हरकत नाही असं सांगितलं. संघाबरोबर तो आगगाडीने एम्सला परतला. पोटाला आणि फुप्फुसांना आतून झालेली इजा किती मोठी आहे ते घरी आल्यावर समजलं, आणि तोपर्यंत हातात काही राहिलं नव्हतं. कोरा मे त्याला बघायला गेली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं, पण बोलला नाही. कॉलेजच्या आवारातल्या घंटाघराचे तीनचे टोले तिला ऐकू आले, आणि तो गेला. तो ८ ऑक्टोबर. हे टोले तिला म्हातारपणीही आठवत होते.

त्याला मुद्दाम तुडवलं का, हा प्रश्न त्या दिवसापासून आजवर विचारला जातो. त्याच्या काही सोबत्यांना तसंच वाटत होतं, तर काहींच्या मते तो खेळातला अपघात होता. मी दोन्ही बाजू वाचल्या. शंभर वर्षांनंतर इथे बसून मी निकाल देणं बरोबर नाही. पण एक गोष्ट निकालाशिवायही दिसते. मैदानावरच्या बावीस जणांपैकी आपल्या सगळ्या जमातीची अब्रू खिशात घेऊन आलेला तो एकटाच होता. हाड दुखावलं असताना बाहेर येऊन बसण्याची मुभा इतरांना होती. त्याने ती स्वतःला दिली नाही.

९ ऑक्टोबरला कॉलेजचे वर्ग बंद ठेवले गेले आणि आवाराच्या मधल्या हिरवळीवर अंत्यविधी झाला. सुमारे ४,००० माणसं जमली होती. शवपेटीवर कॉलेजच्या लाल-सोनेरी रंगाचं वस्त्र होतं. विधीच्या थोडं आधी त्याच्या कोटाच्या खिशात ती चिठ्ठी सापडली होती. कॉलेजचे अध्यक्ष रेमंड पिअर्सन यांनी ती सगळ्यांसमोर वाचली. कुणाचंच नाव नसलेली ती चिठ्ठी अखेर चार हजार माणसांपर्यंत पोचली, फक्त लिहिणारा तेवढा नव्हता. नंतर जॅकला हायरमला नेऊन तिथल्या दफनभूमीत ठेवलं. विद्यार्थ्यांनी आणि इतरांनी मिळून २,२५९ डॉलर गोळा केले. त्यातून अंत्यविधीचा खर्च भागला आणि उरलेले आईला दिले.

आईने पुढे अध्यक्ष पिअर्सन यांना पत्र लिहिलं. माझ्या मते या गोष्टीतली ही दुसरी चिठ्ठी आणि पहिलीइतकीच मोठी. आपल्या मुलाच्या आणि आपल्या आयुष्यातून एम्सला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना काही बळ मिळणार असेल, तर तो उगाच जगला-मेला असं होणार नाही, असं ती म्हणते. सन्मानांचा तिला अभिमान आहे. पण लगेच ती अध्यक्षांना सांगते, की माझ्याकडे होतं-नव्हतं ते सगळं तोच होता. आता मी म्हातारी आहे, एकटी आहे, आणि पुढे सगळा अंधारच दिसतो.

वर्गात हे सांगताना माझा आवाज अडकला होता. मुलाच्या चिठ्ठीत आधी लोक, मग घराणं, मग स्वतः असा क्रम आहे. आईच्या पत्रात तो क्रम मोडून पडतो. तिच्यासाठी तो जमातीचा प्रतिनिधी वगैरे कुणी नव्हता, जॅक होता.

पुढची गोष्ट विसरण्याची आहे. आयोवा स्टेटने मिनेसोटाशी सामन्यांचा करार पुढे चालवला नाही, आणि १९८९ पर्यंत हे दोन संघ समोरासमोर आले नाहीत. कॉलेजच्या जिमखान्यात चिठ्ठीतल्या मजकुराचा एक धातूचा फलक बसवला गेला. मग वर्षं गेली. १९२६ मध्ये होलोवे स्मिथ हा आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू संघात आला. त्याच्यानंतर पार १९५० च्या दशकापर्यंत कुणी नाही. फलकावर धूळ बसली. रोज शेकडो पोरं त्याच्यासमोरून व्यायामाला जात होती, पण थांबून वाचायचं कुणाला सुचलं नाही.

१९५७ मध्ये टॉम एमरसन या विद्यार्थ्याने कॉलेजच्या मासिकात जॅकवर लेख लिहिला. पुन्हा शांतता. १९७३ मध्ये ॲलन बील्स यांच्या नजरेला तो फलक पडला. त्यांनी ही गोष्ट इंग्रजी शिकवणाऱ्या चार्ल्स सोन यांच्यापर्यंत नेली, आणि सोन सरांच्या वर्गाने ती अभ्यासाला घेतली. हो, साहित्याचा वर्ग! मुलांनी जुने कागद शोधले, माहिती जमवली. त्याच सुमाराला कॉलेजचं नवं स्टेडियम बांधलं जात होतं. त्याला जॅक ट्राइसचं नाव द्या, अशी मागणी विद्यार्थ्यांनी लावून धरली.

१९७५ मध्ये स्टेडियम उघडलं, पण नाव काही ठरेना. विद्यार्थ्यांच्या संघटनेने ठराव केले, मोहिमा काढल्या. एक तुकडी पास होऊन जायची, दुसरी तिच्या हातातून काम घ्यायची. शेवटी १९८४ मध्ये अधिकाऱ्यांनी तोडगा काढला: स्टेडियमला संघाचं ‘सायक्लोन’ हे नाव आणि आतल्या गवताच्या मैदानाला तेवढं जॅक ट्राइसचं. आपल्याकडे पण असे तोडगे निघतात, नाही का? मुलांचं समाधान झालं नाही. त्यांनी स्वतः पैसे जमवून जॅकचा पुतळा उभारला. आणि १९९७ मध्ये, मागणी सुरू झाल्यावर जवळजवळ पाव शतकाने, स्टेडियमला जॅक ट्राइस स्टेडियम हे नाव मिळालं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात कृष्णवर्णीय माणसाच्या नावाचं हे एकमेव स्टेडियम.

इतकी वर्षं चिकाटी धरणाऱ्या या मुलांनी जॅकला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचे आईवडीलसुद्धा १९२३ मध्ये लहान असतील. एका फलकावरचे शब्द वाचून त्यांनी हे काम आपलं मानलं. आपण साहित्याचे विद्यार्थी लिखाणाच्या ताकदीबद्दल बऱ्याच गोष्टी बोलतो. मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता थोडं माझं. माझी गोष्ट जॅकच्या गोष्टीच्या पासंगालाही पुरत नाही, हे आधीच कबूल करते. माझ्यावर कुणी दार बंद केलेलं नाही. पण आमच्या घरी पहिल्यापासून मराठी बोलतात, मिस्साही मी मराठीतच ऐकत आले, आणि तरीही कुठल्याही स्पर्धेत माझं नाव पुकारलं की दोन-चार माना वळतात. ख्रिश्चन असून मराठी इतकी छान कशी, असं कौतुकाने विचारतात. वाईट हेतू नसतो. पण तेव्हापासून मला कधीच एकटीने स्टेजवर जाता आलेलं नाही. आमचं सगळं चर्च, सगळी गल्ली माझ्या मागे उभी असल्यासारखं वाटतं. माझी एखादी ओळ चुकली तर ती माझी चूक राहत नाही, आमची होते.

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेच्या अंतिम फेरीला मी अंगात ताप घेऊन गेले. ममी नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. निम्म्या भाषणात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खाली बसले. घरी परतताना ममी रिक्षात एक शब्दही बोलली नाही, फक्त माझा हात धरून बसली होती. मला तेव्हा वाटलं ती हरल्यामुळे नाराज आहे. ॲना ट्राइसचं पत्र वाचल्यावर कळलं, की ती स्पर्धेचा विचारही करत नव्हती.

या वर्षी आपल्या मंडळात एक फर्स्ट इयरची मुलगी आली आहे. तिच्या खेड्यातून कॉलेजला आलेली ती पहिलीच मुलगी. पहिल्याच दिवशी मी तिला मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, की सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे आहे, गावाचं नाव काढ. चांगलं सांगितलं असंच मला वाटत होतं. परवा पुन्हा तिच्याशी बोलले. म्हटलं, नाव काढशीलच, पण बरं नसेल त्या दिवशी सरळ सांग. तुझ्या जागी मी उभी राहीन. ती हसली आणि म्हणाली, ताई, तुम्हाला काय झालं एकदम?

जॅकला काय झालं ते मी तिला सांगितलं. हा लेख तिथूनच सुरू झाला.

एक गोष्ट राहिली. २०२२ मध्ये आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीने जॅक ट्राइसला मरणोत्तर पदवी दिली, पशुसंवर्धनाची. स्टेडियम फार मोठं आहे, तिथे साठ हजारांवर माणसं बसतात. तरी मला ही पदवी जास्त जवळची वाटते. स्टेडियम त्याने एका सामन्यात जे केलं त्याच्यासाठी आहे. पदवी त्याला पुढे जे करायचं होतं त्याच्यासाठी आहे: दक्षिणेतली ती शेतं, ती गुरं, ते शेतकरी, जे त्याची वाट बघत होते आणि ज्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. ती पदवी घ्यायला आई नव्हती, कोरा मे नव्हती. पण जॅकच्या नावापुढे आता पदवी लागली आहे, आणि त्याचं नाव मंडळाच्या अंकात आलं आहे. वाचलंत तर आणखी एकाला सांगा.